चकवा, तपासावे

रक्ताच्या ट्यूबवर आम्ही नाव, वेळ, तारीख सगळं लिहितो, आणि काम झालं की ट्यूब लाल पिशवीत जाते. सुई काढता काढता माणसं जे बोलून जातात, त्याला मात्र कुठलीच पिशवी नाही. ते सगळं माझ्याकडेच साठलंय. नवरा म्हणतो, "शुभांगी, तू रक्त काढतेस की किस्से काढतेस?" मी म्हणते, दोन्ही एकाच शिरेतून येतं!

बोईसर स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमचा हार्मोनचा दवाखाना आहे. खाली जिलेबी, वर डायबेटिस. आत माणसं तीनच. डॉक्टर वैजयंती मॅडम, मूळच्या सांगलीच्या, कमी बोलणाऱ्या. काउंटरवर भरतदादा, उरलेलं सगळं बोलणारे. आणि मी, उमरोळीची, रक्त काढणारी.

साखरवाले, थायरॉइडवाले येतात, औषध घेतात, जातात. किस्से होतात ते पुरुषांच्या हार्मोनचे. टेस्टोस्टेरॉनचे!

मॅडमच्या टेबलावर एक लॅमिनेट केलेला कागद असतो. त्यावर एकमेकांना चिकटलेल्या ठोकळ्यांची चित्रं. प्रत्येक ओळीत डावीकडे एक आकृती, उजवीकडे चार. त्यातली कुठली डावीकडचीच आहे, फक्त फिरवलेली, ते ओळखायचं. कागद हलवायचा नाही. डोक्यातच फिरवायचं. तपासणीत तो धरत नाहीत, ती मॅडमची आवड आहे.

मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "हे हार्मोन काही नुसतं दाढीमिशीचं नाही, शुभांगी. मेंदूतही जातं. वस्तू मनात फिरवून बघणं, दिशा धरणं, यात त्याचा हात असावा असं म्हणतात. किती आणि कसा, यावर जाणकारांचंही एकमत नाही. फार कमी पडलं तर अडचण होऊ शकते. पण जास्त म्हणजे जास्त हुशार, असं मुळीच नाही."

भरतदादांनी यातलं अर्धंच ऐकलं. तेव्हापासून काउंटरवर कुणी "दवाखाना सापडायला वेळ लागला" असं म्हटलं, की दादा चष्म्यावरून बघतात आणि हळूच विचारतात, "हार्मोन तपासलंय का कधी?"

*

आधी त्या नावाचं सांगते. टेस्टोस्टेरॉन हा शब्द आमच्या काउंटरवर आजवर फार थोड्यांनी धड उच्चारलाय.

एका कंपनीच्या गेटवरचे सिक्युरिटी सुपरवायझर आले. मोठ्या मिशा, कडक युनिफॉर्म. चिठ्ठी पुढे करून म्हणाले, "ती ऑस्ट्रेलियाची टेस्ट करायचीय."

भरतदादांनी चेहरा जराही हलू दिला नाही. "बसा."

"रिपोर्ट कधी मिळेल?"

"उद्या संध्याकाळी."

सुपरवायझर चकित. "ऑस्ट्रेलियाहून एका दिवसात?"

"त्यांच्याकडे सकाळ आपल्या आधी होते ना!" दादा म्हणाले.

सुपरवायझरनी क्षणभर हिशेब केला, मान हलवली आणि बसले. पटलं त्यांना!

*

सकाळचा विषय निघालाच आहे, तर हेही ऐका. हे हार्मोन सकाळी झोपून उठल्यावर सगळ्यात जास्त असतं. म्हणून रक्त सकाळीच घ्यायचं. भरतदादा प्रत्येकाला बजावतात, "उठलं की सरळ इकडे. चहासुद्धा नाही."

रामआसरे नावाचा एक कामगार होता, कापडाच्या कारखान्यात कायम रात्रपाळीला. त्यालाही दादांनी हिंदीत बजावलं. "सुबह उठते ही आना."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आम्ही शटर अर्धं ओढलेलं, आणि खालून वाकून हा आत आला. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या सुरकुत्या.

दादा वैतागले. "तुमको सुबह बोला था!"

"अभी उठा हूँ, साहब," रामआसरे म्हणाला. "गुड मॉर्निंग."

दादा मदतीसाठी मॅडमकडे बघायला लागले. मॅडम पर्स खांद्याला लावून निघालेल्या. त्यांनी पर्स खाली ठेवली आणि म्हणाल्या, "भरत, त्याचं बरोबर आहे. शुभांगी, रक्त घे. आणि त्याला कुणीतरी गुड मॉर्निंग म्हणा!"

*

बेटेगावच्या जिमचा ट्रेनर रॉकी. खरं नाव राकेश. दारातून येताना तो थोडा तिरका होऊन येतो, कारण सरळ मावत नाही. दंड एवढा, की माझा पट्टा पुरेना. शेवटी त्याच्याच ट्रॅकपँटची नाडी बांधली.

रिपोर्ट आला, तर आकडा आभाळात! भरतदादांनी तो दोनदा वाचला आणि उभे राहून रॉकीला खुर्ची दिली.

मॅडमनी ठोकळ्यांचा कागद पुढे सरकवला. रॉकीने आधी कागद फिरवला. मॅडम म्हणाल्या, कागद नाही फिरवायचा. मग त्याने मान फिरवली. मग खुर्ची. मग उभा राहून टेबलाच्या पलीकडे, मॅडमच्या बाजूला आला आणि म्हणाला, "मॅडम, इकडून पण तसंच दिसतंय. छापतानाच चुकलंय!"

एकही उत्तर बरोबर नव्हतं.

खाली पार्किंगमध्ये त्याची बाईक गाड्यांच्या गर्दीत अडकली होती. आम्ही खिडकीतून बघत होतो. कुठली एक गाडी सरकवली की वाट होईल, हे आम्हाला वरून दिसत होतं. रॉकीने विचारबिचार केला नाही. एक बाईक उचलली, बाजूला ठेवली. दुसरी उचलली. तिसरी, चौथी. पाचवी स्वतःचीच होती, तीही उचलून मोकळ्या जागेत ठेवली. मग बसला, किक मारली, आणि समोर बघतो तर भिंत! गेट मागच्या बाजूला होतं.

भरतदादा खिडकीतून म्हणाले, "ह्याला डोक्यात कशाला फिरवायला पाहिजे? हा हातानेच फिरवतो!"

हसलो आम्ही. पण त्याच आठवड्यात तो परत आला, तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. जिममधल्या कुणीतरी दिलेली इंजेक्शनं तो वर्षभर घेत होता. मॅडमनी त्याला समजावलं की बाहेरून एवढं हार्मोन घातलं, की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं. आतलं दुकानच बंद पडतं. रॉकी एवढासा झाला. खाली बघत विचारलं, "मॅडम, माझं लग्न ठरलंय. मूल होईल ना?"

मॅडमनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "आजपासून बंद केलंस आणि सांगेन तसं वागलास, तर बहुतेक होईल. वेळ लागेल."

त्याने ऐकलं. वर्ष-दीड वर्ष लागलं, दंड निम्म्याने उतरले. मागच्या महिन्यात दारातून सरळ आत आला, हातात पेढ्यांचा बॉक्स. मुलगी झाली! जाताना त्याने आपणहून ठोकळ्यांचा कागद मागितला. दोन उत्तरं बरोबर आली. पेढे ठोकळ्यांचे की मुलीचे, असं दादांनी विचारलं, तर म्हणाला, "दोन्हीचे घ्या!"

*

नागपूरकडचं एक जोडपं आलं. नवरा एका कारखान्यात पाइपलाइनची ड्रॉइंग काढतो. पेशंट तोच, पण बोलणार होती बायको.

"मॅडम, यांचं सगळं तपासा जी. यांना फ्रीजमधली लोणच्याची बरणी दिसत नाही. डोळ्यासमोर असते, तरी 'कुठे आहे, कुठे आहे' करतात. काऊन होत असंन असं?"

तपासलं. हार्मोन उत्तम, डोळे उत्तम. मॅडमनी कागद दिला, आणि या गृहस्थांनी तो दहा मिनिटांचा कागद दोन मिनिटांत संपवला. सगळी उत्तरं बरोबर! वर म्हणाले, "तिसऱ्या चित्रात एक ठोकळा मागे लपलाय, तो दाखवायला हवा होता."

मॅडम खूश. बायको मात्र भडकली. "म्हणजे अख्खी फॅक्टरी डोक्यात फिरवता येते, आणि बरणी दिसत नाही? हे मुद्दाम करतात का, तेवढं सांगा!"

मॅडम म्हणाल्या, "मुद्दामची टेस्ट अजून निघाली नाही हो."

"मग मी काय करू?"

"फ्रीजचा नकाशा काढून दाराला लावा."

मॅडम गमतीत बोलल्या, पण तिने खरंच काढला. पट्टी घेऊन, कप्प्यावार, प्रत्येक बरणीला नंबर. पंधरा दिवसांनी नवरा एकटाच आला. आम्ही विचारलं, "मग? सापडतं का आता लोणचं?"

तो गंभीरपणे म्हणाला, "कसं सापडेल? तिने ड्रॉइंगवर उत्तर दिशाच दाखवली नाही!"

*

आता भरतदादांचं सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल.

विक्रमगडच्या पुढे एका पाड्यावर पुरुषांच्या तपासणीचं शिबिर होतं. मॅडमची गाडी, चालवायला दादा, मागे मी आणि सामान. मनोर ओलांडल्यावर मोबाइलची रेंज गेली आणि नकाशा गोठला. मी म्हटलं, "दादा, त्या टपरीवर विचारू या."

"विचारायचं कशाला? दिशा माझ्या डोक्यात आहे!"

दोन फाटे आले. दादांनी दोन्ही वेळा डोळे बारीक करून बाहेर बघितलं आणि ठामपणे डावीकडे वळवली. तासाभराने एक पाडा आला. आंब्याखाली माणसं जमलेली, टेबल मांडलेलं, त्यावर नारळ. दादा मागे वळून म्हणाले, "बघा!"

आमचं स्वागत झालं. मॅडमना नारळ दिला. मी टेबलावर ट्यूब मांडल्या. माणसं शिस्तीत रांगेत उभी राहिली. फक्त प्रत्येकाच्या हातात एक दोरी होती, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला बैल!

पहिल्या नंबरचे आजोबा बैलाला पुढे ओढून म्हणाले, "आदी याचा घ्या, बाय. यो वळू हाय, मारतो, पन तुमाला नाय मारनार."

ते लोक सकाळपासून जनावरांच्या डॉक्टरची वाट बघत होते. लाळ्या-खुरकुताची लस टोचायची होती. तेवढ्यात कशीबशी रेंज आली आणि खऱ्या पाड्यावरून फोन. "डॉक्टर, आमी कवाचे बसलोय. तुमी हाव कुटं?"

मॅडमनी फोन दादांच्या हातात दिला. दादा समोरच्या बैलाकडे बघत म्हणाले, "पोचलोच."

मॅडम उठल्या, पण आजोबा हिरमुसले. एवढी डॉक्टर आली आणि बैलाला हात न लावता चालली! मॅडमना वाईट वाटलं. त्या बैलाजवळ गेल्या, त्याला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं, आणि आजोबांना म्हणाल्या, "याला आमच्या तपासणीची गरज नाही. याचं हार्मोन भरपूर आहे."

आजोबा इतके फुलले, की गाडीपर्यंत सोडायला आले. बैलासकट. आणि खऱ्या पाड्याची वाट त्यांनीच दाखवली. दोन्ही फाट्यांवर उजवीकडे!

*

लहानूभाऊ जव्हारकडच्या एका डोंगरपाड्यातले. पावसाळ्यात घरची नाचणी, बाकीचं वर्ष तारापूरच्या एमआयडीसीत हायड्रा चालवायचे. हायड्रा म्हणजे ती पिवळी, लांब सोंडेची चालती क्रेन. हात इतका सफाईदार, की सोंडेने अंडं उचलून ठेवतील, असं लोक म्हणायचे.

आणि हा माणूस चुकायला लागला. सोंड गेटला घासली. मग शेडच्या पत्र्याला. मग एक दिवस खाली माणूस उभा होता, त्याच्या डोक्यावरून लोखंडी पाइप हातभर अंतराने गेला. ठेकेदाराने त्यांना खाली उतरवलं. लहानूभाऊ घरी गेले, तर पाड्यावरच्या विहिरीकडे जाताना वाट चुकले! जन्मापासूनची वाट.

पाडा म्हणाला, चकवा लागला. माणसाला गोल गोल फिरवतो, घर दिसू देत नाही, तो चकवा. भगताला बोलावलं. भगताने कोंबडं मागितलं, तांदूळ मांडले, रात जागवली. फरक पडला नाही. पण बायको, कमळीताई, शहाणी. तिने वेगळंच टिपलं होतं, म्हणून ती त्यांना आमच्याकडे घेऊन आली. मॅडमना म्हणाली, "याची दाढीच वाढं ना, बाय. पयले दोन दिसाला करायचा. आता म्हयन्यात एक डाव."

मॅडम ताठ बसल्या. रक्त घेतलं, तर टेस्टोस्टेरॉन तळाला. दुसरं एक हार्मोन भलतंच वर. लगेच मेंदूचा एमआरआय काढायला पाठवलं.

फिल्म घेऊन लहानूभाऊ आले, तेव्हा सोबत भगतही आला होता. हातात काठी, गळ्यात माळ, गंभीर चेहरा. भरतदादा त्याला बाहेर बसवायला लागले, तर तो म्हणाला, "केस माजी हाय."

मॅडम म्हणाल्या, "येऊ द्या."

फिल्म दिव्यासमोर लावली. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे, वाटाण्याएवढी गाठ. मॅडम समजावायला तोंड उघडणार, तोच भगत पुढे झाला, काठीचं टोक बरोबर त्या गाठीवर ठेवलं आणि ओरडला, "ह्योच! ह्योच तो चकवा!"

लहानूभाऊ मॅडमकडे बघत होते. मॅडमनी फिल्म बघितली, भगताकडे बघितलं, परत फिल्म बघितली.

"हो," त्या म्हणाल्या. "हाच."

मग त्यांनी सांगितलं की ही गाठ कॅन्सरची नाही, गोळ्यांनी आटते. तिच्यामुळे हार्मोन बसलंय, थोडी नजरेची कडही दबली असेल. वाट नेमकी कशामुळे चुकत होती, हे एकाच गोष्टीवर ढकलता येणार नाही. पण गोळ्या चुकवायच्या नाहीत. भगताने ताबडतोब गोळ्यांची वेळ स्वतःच्या ताब्यात घेतली. कमळीताई सांगते, की तो रोज ठरल्या वेळी दारात येऊन ओरडायचा, "लहान्या, चकव्याची गोळी घेतली का?"

आठ महिन्यांनी लहानूभाऊ परत हायड्रावर चढले. ठेकेदाराने आधी रिकाम्या मैदानात परीक्षा घेतली. जमिनीवर पाण्याची बाटली ठेवली आणि सोंडेच्या हुकाने तिला फक्त शिवायला सांगितलं. लहानूभाऊंनी बाटली आडवी न पाडता तिचं झाकण हलवून दाखवलं. हे सांगताना ते माझ्यासमोर रडले. मीही.

आणि भगत? त्यानंतर त्याने आमच्याकडे तीन पेशंट पाठवले. प्रत्येकाच्या हातात, शाळेतल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेली चिठ्ठी. वर आमच्या मॅडमचं नाव, खाली भगताचा अंगठा, आणि मध्ये दोनच शब्द.

"चकवा, तपासावे."

*

जनार्दनकाका मुरब्याचे. मुरबे म्हणजे बोईसरचे केमिकलचे कारखाने आणि सातपाटीचा कोळीवाडा यांच्या मधलं गाव. सत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर बोटीचे तांडेल, म्हणजे बोट हाकणारे, समुद्रावर ज्यांचा शब्द शेवटचा. त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. मोठ्या हॉस्पिटलात उपचार झाले, आणि त्यात एक इंजेक्शन असं होतं, की पुरुषी हार्मोन मुद्दाम बंद करायचं. साखर आणि हार्मोन बघायला ते आमच्याकडे यायचे.

त्यांचं टेस्टोस्टेरॉन इतकं कमी आलं, की मशीन आकडाच दाखवेना. नुसतं 'यापेक्षा कमी' असं चिन्ह! सून दर्शना म्हणाली, "हल्ली बाबा गावातल्या गल्लीत पण चुकतात."

मॅडमनी कागद दिला. काकांनी सगळी उत्तरं चुकवली. शेवटच्या प्रश्नात तर डावीकडच्या मूळ आकृतीवरच बोट ठेवलं. "ह्यो समोर हाय की. बाजूला कशाला शोदायचा?"

मॅडमनी जड मनाने सांगितलं की बोटीवर आता जाऊ नका. घरी जाऊन काकांनी सुकाणू मुलाच्या, हेमंतच्या हाती दिलं. दर्शना सांगत होती, की त्यानंतर आठवडाभर ते समुद्राकडे पाठ करून जेवायचे.

जानेवारीतली सकाळ. आठ वाजले असतील. काका खुर्चीत, दंडाला पट्टा बांधलेला, माझ्या हातात सुई. दर्शनाचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला. हेमंत.

"दर्शना, बाबा हायेत? बाबा, धुक्यात कायच दिसत नाय! जीपीएस बंद पडलाय. ओहोटी लागलीय, खडकांची रांग कुटं हाय ते कळत नाय!"

बोटीवर हेमंत धरून पाच माणसं होती. दर्शना भिंतीला टेकली. काकांनी मला हाताने थांबवलं. मी पट्टा सोडला.

"इंजिन बंद कर."

"अवो बाबा..."

"बंद कर बोलतांव ना! खलाशांना बोल, बिडी इजवा. गप ऱ्हावा."

फोनमधला घरघराट थांबला. नुसतं पाणी बोटीला थापटत होतं.

"वारा हाय?"

"हाय थोडा. जमिनीवरचा."

"त्याच्याकडं तोंड कर. वास घे."

"कसला वास, बाबा?"

"घे बोलतांव!"

थोडा वेळ गेला. मग हेमंतचा आवाज, "केमिकलचा येतो."

"खंच्या नाकपुडीत?"

मी भरतदादांकडे बघितलं, दादांनी माझ्याकडे. मॅडम त्यांच्या केबिनच्या दारात येऊन उभ्या होत्या.

"डाव्या," हेमंत म्हणाला.

"आनि बोंबील?"

"उजव्या. सुकत घातलेले."

"जास्ती कुटला?"

"बोंबील! लय!"

"मंग सातपाटीला चालला गाढवा. इंजिन चालू कर. डावीकडं घे, हलू. दोनी सारके झाले का बोल."

इंजिन सुरू झालं. थांबलं. वास. परत सुरू झालं. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. माझ्या हातातली सुई तशीच. शेवटी हेमंत म्हणाला, "बाबा, आता सारके."

"हां," काका म्हणाले. "डाव्या नाकपुडीत बोईसर, उजव्या नाकपुडीत सातपाटी. आता नाक सरळ ठेव आनि घरी ये!"

अर्ध्या तासाने परत फोन. पाच माणसांचा ओरडा एकदम. "बाबा, खाडीचं तोंड दिसलं! वाटेला लागलो!"

दर्शना तिथेच खाली बसून रडायला लागली. काकांनी दंड माझ्यापुढे केला. "घ्या बाय आता रगत."

घेतलं. पट्टा पुन्हा बांधून. मॅडम जवळ आल्या, काहीतरी विचारणार होत्या, पण नुसतं नमस्कारासाठी हात जोडले. काकांनीही जोडले. टोपी डोक्यावर नीट बसवली, ताठ उभे राहिले, तांडेलाच्या रुबाबात चार पावलं टाकली, स्टोअररूमचं दार उघडलं, आत गेले आणि मागे दार लावून घेतलं.

आम्ही सगळे दाराकडे बघत उभे. आत एक बाटली पडली. मग खोका.

मग आतून शांत आवाज आला.

"बाय, भायेरची वाट कुनीकडं हाय?"